गॅरेजमध्ये बनवलेला लाकडी कॅम्पर ट्रेलर: कसा केला आणि कुठे कुठे चुकलो

ऑक्टोबर ते मे असे आठ महिने आमच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती, नुसता भुसा होता. आम्ही मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉईटच्या जवळ, हिवाळ्यात इथे बाहेर काही करता येत नाही, म्हणून मग बसल्या बसल्या चार बाय आठ फुटांचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची झोपायची खोली, घरीच बनवला, आतून सगळं लाकूड, अगदी जुन्या माडीत बसल्यासारखं. बऱ्याच जणांनी विचारलं कसा केला, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. मी काही सुतार नाही, सुरुवात केली तेव्हा साधा रंधा कुठल्या बाजूने ओढायचा ते शेजारच्या रिटायर्ड आजोबांनी दाखवलं, तेव्हा हे कुणालाही जमेल असं आहे, फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: लाकूड डोळ्याला दिसलं पाहिजे, वजनकाट्याला नाही. मला हे उशिरा कळलं आणि त्याची किंमत आय-७५ हायवेवर मोजली, ते पुढे सांगतो.

आधी तुमची गाडी किती ओढते ते बघा. मॅन्युअलमध्ये आकडा लिहिलेला असतो, सेल्समनने सांगितलेला धरू नका. आमची आऊटबॅक, तिच्या पुस्तकात २७०० पाउंड आहे, पण म्हणून २७०० चा ट्रेलर बनवायचा नसतो, चार माणसं आणि डिकीतलं सामान पण तीच गाडी ओढतेय. मी ठरवलं होतं की सगळं भरून १२५० च्या वर जायचं नाही. खालचा सांगाडा मी नवीन विकत घेतला, नटबोल्ट लावून जोडायचा किट मिळतो तो, बारा इंची चाकं, सतराशे पाउंडाच्या आसपास क्षमता. फोल्ड होणारा घेतलात तर फोल्डिंगचे सांधे कायमचे बोल्टने बंद करून टाका. जुनी बोट ओढायची ट्रॉली स्वस्तात मिळते असं बरेच जण सांगतात, पण गंज आणि वेडावाकडा अॅक्सल तुमच्या नशिबी येतो, पहिल्यांदा करत असाल तर नवाच घ्या. आणि ट्रेलरच्या नाकावर कपलर असतो, तो गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसतो; त्या कपलरवर बॉलचा साईझ कोरलेला असतो, माझ्या ट्रेलरला पावणेदोन नाही आणि दोनही नाही, एक आणि सात अष्टमांश इंच लागतो. गाडीला आधीपासून दोन इंची बॉल होता, तो बसतच नव्हता म्हणून वाचलो. उलटं असतं, म्हणजे कपलर दोनचा आणि बॉल लहान, तर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडून बाहेर येतो. हे एक मिनिटाचं काम आहे, बघूनच घ्या.

सगळ्या पावत्या जपून ठेवा हं, किटची, प्लायवुडची, लाईटची. घरी बनवलेल्या ट्रेलरच्या नोंदणीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत आणि कुठे पावत्या मागतात, कुठे वजनाची स्लिप. काम सुरू करायच्या आधी ऑफिसात जाऊन विचारा, नंतर नाही. भारतातल्या मित्रांनी लगेच विचारलं की आपल्याकडे करता येईल का. बाबांनो, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा वाहनच धरलाय, नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा प्लायवुड घ्यायच्या आधी आरटीओची पायरी चढा. आतलं लाकूडकाम मात्र शेतावरच्या खोलीत नाहीतर कंटेनरमध्ये जसंच्या तसं चालेल.

आता आकार. सगळ्यांना तो थेंबासारखा गोल आकार हवा असतो, टिअरड्रॉप म्हणतात तो. सुंदर दिसतो, मान्य. पण पहिल्याच ट्रेलरला गोलाई करू नका, गोल छतावर पत्रा नाहीतर प्लाय वाकवताना रडायला येतं आणि मागच्या गोल झाकणातून पाणी हमखास गळतं. मी चौकोनी डबा केला, फक्त पुढची बाजू तिरकी, वाऱ्यासाठी. आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, हा तर लाडवांचा डबा झाला. असू दे. प्लायवुडचा ताव चार बाय आठचा येतो, भिंत चार फूट उंच आणि आठ फूट लांब ठेवली की एका तावात एक भिंत, कापाकापी कमी, वाया काही जात नाही.

तळ पाऊण इंची प्लायवुडचा. खालच्या बाजूला आणि विशेषतः कडांना डांबरासारखं कोटिंग येतं ते तीन हात मारा, प्लाय सडतो तो कडेने सडतो, मधून नाही. भिंतींसाठी पाऊण इंची प्लाय घेऊन मी त्याचे मोठमोठे चौकोन कापून काढले, म्हणजे उरते ती फक्त चौकट, आणि त्या खिडक्यांत गुलाबी फोमचे तुकडे बसवले. बाहेरून पाच मिलिमीटरचा पातळ प्लाय, आतून लाकडाच्या पट्ट्या. भिंत हलकी होते, थंडी अडते आणि स्क्रू धरायला घट्ट लाकूड पण राहतं. एक काम आठवणीने करा: फोम भरायच्या आधी वायरी टाका आणि भिंतीचा फोटो काढून ठेवा, मोजायची टेप बाजूला धरून. नंतर फडताळ लावताना चौकट नक्की कुठे आहे हे कुणालाच आठवत नाही, मी दोन ठिकाणी फोममध्ये स्क्रू मारलेत.

बाहेरून लाकूड लावायचा मोह होईल, गावाकडच्या कौलारू घरासारखं वगैरे. नका लावू. साठच्या स्पीडला येणारा पाऊस हा पाऊस नसतो, पाण्याचा पाईप असतो, आणि प्रत्येक फळीच्या मागे पाणी शिरतं. बाहेरचं आवरण पाणी अडवण्यासाठी असतं, दिसण्यासाठी थोड्या पट्ट्या बाजूंना चिकटवा. मी कॅनव्हास लावला. रंगाऱ्यांची जमिनीवर अंथरायची जाड सुती चादर मिळते ती, टाइटबाँड टू नावाचा लाकडाचा गोंद थोडं पाणी घालून पातळ करायचा, रोलरने प्लायवर लावायचा, वर कापड ताणून अंथरायचं आणि वरून पुन्हा गोंद. लहानपणी पतंगाला खळ लावून कागद चिकटवायचो ना, अगदी तसंच. सुरकुती मधून कडेकडे हाताने काढत न्यायची. वाळल्यावर घराच्या बाहेरचा रंग, पहिला हात पाणी घालून म्हणजे कापडात मुरतो, मग तीन-चार जाड हात. खरबरीत पण एकसंध कातडं तयार होतं, कोपऱ्यावर जोडच नाही. हे सगळं तेरा डिग्री सेल्सियसच्या वर तापमान असताना करा, मी फेब्रुवारीत घाई केली आणि गोंद पांढरा खडूसारखा पडला, एक बाजू पूर्ण खरवडून काढावी लागली.

आणि तरीही गळलाच. त्याचं झालं असं, छताच्या पुढच्या कडेला मी शोभेची एक लाकडी पट्टी मारली होती, सहा स्क्रूने, आरपार. एप्रिलमध्ये टेस्ट घेतली, लेकीला टॉर्च देऊन आत बसवलं, दार लावलं आणि मी बाहेरून वीस मिनिटं पाईपने पाणी मारत राहिलो. पंधरा मिनिटं काही नाही. मी खूश. मग आतून आवाज, "बाबा, थेंब!" मग "बाबा, अजून एक!" सहाच्या सहा स्क्रूंनी एकेक करून हजेरी लावली. पट्टी काढली, भोकं बुजवली, वरून कॅनव्हासचं ठिगळ. तेव्हापासून नियम केला, छतावर शोभेसाठी एकही स्क्रू नाही, आणि जिथे मारायलाच लागतो, पंख्याची फ्रेम, खिडकी, तिथे आधी ब्युटाईल टेप, ती काळी चिकट पट्टी, आणि मग स्क्रू. सिलिकॉन नको, त्यावर पुढे ना रंग बसतो ना दुसरं काही. पाण्याची टेस्ट आतल्या पट्ट्या लावायच्या आधी घ्या, नंतर घेतली तर गळती कुठून सुरू झाली ते दिसतच नाही.

आता मजेचा भाग, लाकूड.

आमच्याकडे जुनी धान्याची कोठारं पाडतात त्यांच्या फळ्या मिळतात, शंभर वर्षांचं ऊन-बर्फ खाऊन राखाडी झालेल्या. पुण्यात जुना वाडा पाडला की सागाच्या तुळया निघतात तसंच समजा, आणि भाव पण तसेच चढलेत. फळी हातात घेतली की तीन गोष्टी बघायच्या. एक, लोहचुंबक फिरवा, आत तुटलेले खिळे असतात आणि करवतीचं पातं गेलं की त्या फळीपेक्षा महाग पडतं. दोन, टाचणीएवढी भोकं आणि फळी आपटल्यावर पिठासारखी पूड पडत असेल तर तिथेच ठेवून या, कीड जिवंत आहे, ती तुमच्या ट्रेलरमध्ये आणि तिथून घरात येईल. तीन, जुना रंग. अमेरिकेत घराच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, त्याआधीच्या लाल-पांढऱ्या फळ्या घासल्या तर ती शिशाची धूळ, आणि तुम्ही त्याच डब्यात झोपणार आहात. रंगवलेली फळी मी सरळ सोडून दिली. पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचं, फुकट लाकूड वापरायचं असेल तर शिक्का शोधा, एचटी असेल तर ते नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं असतं, गाभा ५६ डिग्रीला अर्धा तास, ते चालतं. एमबी असेल तर मिथाईल ब्रोमाईडचा धूर दिलेला असतो, हातही लावू नका. शिक्काच नसेल तर शेकोटीत पण नको.

कोठाराची फळी एक इंच जाड असते. ती तशीच लावली की संपलं. मी बँडसॉ (पट्ट्याची मोठी करवत) असलेल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन प्रत्येक फळी उभी चिरून आणली, पाव इंचाच्या पट्ट्या, बाहेरच्या दोन पट्ट्यांना तो जुना राखाडी चेहरा आणि मधल्या नव्या गुलाबी-तपकिरी, त्या आतल्या फडताळांना. एका फळीत तीन पट्ट्या, पैसे पण तिसऱ्या हिश्श्यावर. छताला सीडरच्या पाव इंची पट्ट्या, कपाटाच्या आत लावतात त्या, एकात एक अडकणाऱ्या. हिशेब सांगतो: पाव इंची सीडरचा एक चौरस फूट म्हणजे पाउंडापेक्षाही कमी, साधारण पाऊण पाउंड. पाऊण इंची पाईनचा तोच चौरस फूट पावणेदोन पाउंड. ऐंशी चौरस फुटांना हा फरक ऐंशी पाउंडांचा होतो, म्हणजे एक सातवी-आठवीतलं पोरगं फुकट बरोबर घेऊन फिरतोय आपण. दिसायला दोन्ही सारखंच, जाडी कुणाला दिसते?

पट्ट्या लावताना गोंद नको, पिन नेलरने (बारीक खिळे मारायचं यंत्र) जिभेच्या, म्हणजे दुसरीच्या खाचेत शिरणाऱ्या कडेच्या, बाजूने खिळा, आणि पहिली पट्टी गुण्या आणि लेव्हल लावून नीट बसवा. गंमत म्हणजे ट्रेलर स्वतःच लेव्हलला नसतो, म्हणून लेव्हल बघायची ती ट्रेलरच्या तळाशी तुलना करून, जगाशी नाही. मी जगाशी केली. डाव्या भिंतीवरच्या पट्ट्या दारापर्यंत येता येता अर्धा इंच खाली उतरल्यात, आता बायको म्हणते तीच नजर खिळवून ठेवते. खोलीच्या चार कोपऱ्यांत जिथे पट्ट्या भिडतात तिथे सुतळी नाहीतर बारीक फांदी चिरून लावा, खाच झाकली जाते आणि गावठी लूक आपोआप येतो.

ट्रेलरच्या मागच्या झाकणाआडच्या किचनचा ओटा. इथेच मी आपटलो. मिशिगनमध्ये ॲशचं लाकूड स्वस्त मिळतं त्यामागे एक दुःखद कारण आहे, २००२ मध्ये इथेच डेट्रॉईटजवळ एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा भुंगेरा सापडला, आशियातून आलेला, आणि त्याने इथली ॲशची झाडं साफ केली. मेलेली झाडं शहरातल्या छोट्या आरागिरण्यांत येतात. तिथून मी एक फळी आणली, चार फूट लांब, बावीस इंच रुंद, दोन इंच जाड, एका कडेला झाडाचा मूळ वळणदार आकार तसाच. प्रेमातच पडलो. साल मात्र पूर्ण सोलून घ्या, पटाशी उलटी धरून सहज निघते, हा भुंगेरा असतो तो सालीखालीच. त्याच कारणाने इकडे जळाऊ लाकूड एका गावाहून दुसरीकडे नेऊ नका म्हणून कॅम्पच्या दारात बोर्ड असतात, ते पाळा.

तर ती फळी बसवली, मागे बॅटरी ठेवली, पाण्याचा पाच गॅलनचा कॅन ठेवला, आणि जूनमध्ये मॅकिनॉ पुलाच्या दिशेने निघालो. आय-७५ वर ताशी पासष्ट मैलांच्या आसपास मागून कुणीतरी गाडीचं शेपूट धरून हलवतंय असं वाटायला लागलं. आरशात बघतो तर ट्रेलर डावीकडे-उजवीकडे डोलतोय, प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. असं झालं तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट मारायचं नाही, फक्त अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा आणि सरळ धरून राहायचं. तेवढं वाचून ठेवलं होतं म्हणून निभावलं. पुढच्या एक्झिटला उतरलो, ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन केलं, एकूण १२४० पाउंड, ठरवलेल्या आकड्याच्या आत. मग घोळ कुठे होता? घोळ एकूण वजनात नव्हताच, ते कुठे बसलंय त्यात होता.

ट्रेलरचं नाक, म्हणजे बॉलवर येणारं वजन, एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असलं पाहिजे. कमी असेल तर ट्रेलर डोलतो, जास्त असेल तर गाडीचं बूड बसतं. मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो, बॉलच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा वर उभा ठेवा आणि कपलर त्यावर टेकवा. माझं भरलं ८५, म्हणजे सात टक्के पण नाही. दुरुस्ती आमच्या सीसॉसारखी होती, अॅक्सलच्या मागे ठेवलेली प्रत्येक गोष्ट नाक उचलते. माझा अॅक्सल बॉलपासून ९६ इंचांवर आहे. २८ पाउंडांची बॅटरी अॅक्सलच्या चाळीस इंच मागून काढून साठ इंच पुढे, नाकावरच्या पेटीत नेली, शंभर इंच सरकली म्हणजे नाकावर २९ पाउंड आले. पाण्याचा कॅन भरलेला ४२ पाउंडांचा, तो पलंगाखाली पुढे, आणखी ३७. आणि ती फळी. ५१ पाउंड भरली होती नुसती. मन घट्ट केलं आणि परत गिरणीत नेऊन पाऊण इंच जाडीची करून आणली, फक्त समोरच्या वळणदार कडेला खालून एक पट्टी चिकटवली, ती दोन इंच दिसते. वजन २२ वर आलं, नाकाला आणखी १२ मिळाले. ८५ चे १६३ झाले, साडेतेरा टक्के. त्यानंतर पूल पार करून पार टाक्वामेनॉन धबधब्यापर्यंत गेलो, शेपूट शांत. येणारा प्रत्येक पाहुणा ओट्यावरून हात फिरवून म्हणतो काय जाड फळी आहे हो, मी पण हो म्हणतो.

रुंद फळी बसवताना अजून एक. लाकूड वाळलं तरी श्वास घेतच असतं, दमट उन्हाळ्यात रुंदीला फुगतं आणि हिवाळ्यात आक्रसतं. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर बावीस इंची ॲश जवळजवळ पाव इंच हलते. चारी बाजूंनी स्क्रू आवळलात तर ती मधून चिरणार, आवाज ऐकू येईल एवढी. मधल्या ओळीत स्क्रू घट्ट, आणि पुढे-मागे लांबट खाचा पाडून त्यात वॉशर लावून सैलसर. लाकूड आणल्या आणल्या वापरू नका, महिनाभर घरात आडवं ठेवा, मधे पट्ट्या घालून.

तेलाचा हात द्यायचा असेल तर जवसाचं तेल छान, वास पण घरचा वाटतो. पण त्याच्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापतात आणि काडी न लावता पेट घेतात, खरंच. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर काँक्रीटवर एकेक पसरून वाळवा.

पलंगाबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, आतली रुंदी चार फुटाला कमीच, दोघांनी कूस बदलायची तर एकमेकांना विचारून. चार इंची फोम मापाने कापून घ्या. खाली अखंड प्लाय नको, पाऊण इंच फट सोडून पट्ट्या लावा, नाहीतर गादीखाली आठवड्यात बुरशी.

फडताळांची दारं हा माझा आवडता भाग. बाजारात मिळणारे मॅग्नेटचे कॅच रस्त्यावर टिकत नाहीत, पहिल्याच खडबडीत रस्त्याला दारं उघडून डाळ-तांदूळ सगळे गादीवर. इथे आपला कडी-कोयंडा कामाला आला. पुण्याला गेलो होतो तेव्हा जुन्या बाजारातून पितळी कड्या आणल्या होत्या, छोट्या, पेटाऱ्याला असतात त्या. दाराला झेडच्या आकाराची मागून पट्टी मारलेली, वाड्याच्या दारासारखी, वर कडी, आणि कोयंड्यात घालायला फांदीची खुंटी सुतळीने बांधून ठेवलेली. काहीही झालं तरी उघडत नाही. फक्त गाडी चालू असताना खुळखुळ वाजतात, देवळात आल्यासारखं, म्हणून प्रत्येक कडीखाली जुन्या पट्ट्याच्या चामड्याची चकती चिकटवली. वरच्या शेल्फला ब्रॅकेट म्हणून झाडाच्या बेचक्या वापरल्या. बेचकी निवडताना बेचक्याची जागा चिरलेली नको, साल सोललेली हवी, आणि वाळलेली. ओली बेचकी तीन महिन्यांत पिरगळते आणि शेल्फ तिरकं. भिंतीला टेकणारी बाजू रंध्याने सपाट करायची आणि मागून, भिंतीच्या चौकटीत जाईल असा लांब स्क्रू. पोळपाटाला उभा खण केला, मिसळणाच्या डब्याला चारी बाजूंनी काठ आणि वरून रबरी दोरी. लाटणं अजून कुठेच बसत नाही, ते उशीखाली असतं.

शेगडी आत नाही म्हणजे नाही. मागचं झाकण उघडून बाहेर उभं राहून रांधायचं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली तुमच्या गादीच्या पातळीला साचतो, आणि जळला तर कार्बन मोनॉक्साईड, त्याला वास नाही. कितीही थंडी असली तरी गॅसचा हीटर लावून झोपायचं नाही, जाड रजई घ्या. कार्बन मोनॉक्साईडचा (सीओ) अलार्म उशाशी लावा, सीलिंगला नको, डोक्याजवळ. शिवाय फोडणी आत दिली तर हिंगाचा वास सीडरच्या पट्ट्यांतून पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही, हे वेगळंच. छताला चौदा इंची पंखा बसवा, तेच स्टँडर्ड माप आहे, आणि झोपताना एक खिडकी बोटभर उघडी. दोन माणसं बंद डब्यात रात्रभर श्वास घेतात तेव्हा सकाळी काचेवरून ओघळणारं पाणी बघितलं की पटेल.

विजेचं काम थोडक्यात, कारण मी गरजा कमी ठेवल्या. शंभर अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर, त्यावर दिवे, पंखा, फोन आणि छोटा फ्रिज. वीकेंड आरामात निघतो, बरोबर घडीचं सोलर पॅनल. बॅटरीच्या अगदी जवळ पहिला फ्यूज, वायर भिंतीत शिरायच्या आधी, हा लाकडी डबा आहे विसरू नका. ही बॅटरी शून्य डिग्री सेल्सियसच्या खालच्या थंडीत चार्ज करायची नसते, म्हणून नोव्हेंबरात मी ती काढून घरात आणतो. मागच्या दिव्यांच्या चार वायरींत पांढरी अर्थिंगची, ब्राऊन टेल लाईट, पिवळी डावीकडचा इंडिकेटर, हिरवी उजवीकडचा. इंडिकेटर दिला की सगळेच दिवे मंद लुकलुकतात असं झालं तर दहापैकी नऊ वेळा पांढरी वायर नीट बसलेली नसते, रंग खरवडून धातूला लावा. सेफ्टीच्या साखळ्या कपलरच्या खाली एकमेकींवरून फुली करून लावा, म्हणजे नाक निसटलं तर रस्त्यावर न पडता त्यांच्यावर टेकतं. चाकाचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर पुन्हा आवळा, माझे दोन सैल झाले होते.

खर्चाचं लोक विचारतात, लाकडाला फारसा नाही आला. स्क्रू, टेप, सीलंट, वायरी, पंखा, यातच पैसे गेले, प्रत्येक शनिवारी दुकानात एक चक्कर आणि कधीही पन्नास डॉलरच्या आत बाहेर आलो नाही.

हिवाळ्यात ठेवताना वरून निळी प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो, हवा खेळेल असं कव्हर घ्या आणि आतली सगळी दारं उघडी ठेवा. वसंतात बाहेर काढायच्या आधी चाकाच्या बेअरिंगना ग्रीस. आणि तळाला वायरीसाठी पाडलेलं एकूण एक भोक स्टील वूलने बुजवा. मी एक विसरलो होतो, करंगळीएवढं. मार्चमध्ये उघडलं तर उंदराने गादीचा फोम कुरतडून मिसळणाच्या डब्यामागे घरटं केलेलं, धण्याची वाटी रिकामी, मोहरीला मात्र तोंड लावलेलं नव्हतं.